फोटो पाळण्यातल्या बाळाचा का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जन्मजात हृदयविकार घेऊन मोठ्या झालेल्या माणसांसाठी निघालेल्या मदतफेरीची बातमी आपण ठळकपणे छापलीत, त्याबद्दल आभार. मात्र शेजारी फोटो होता पाळण्यातल्या बाळाचा.

त्या फेरीत मीही होतो. माझ्या पुढे एक गृहस्थ चालत होते. कानशिलावरचे केस पिकलेले, बोटांची टोके फुगीर, नखे निळसर. जरा चढ आला की ते थांबत, मनगटावर दोन बोटे ठेवून ठोके बघत आणि कोणी विचारलेच तर ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत. (कोणी वेळ मोजत नव्हते, हे आयोजकांचे शहाणपण.) फोटो त्यांचा हवा होता.

दर १०० बाळांमागे साधारण एक बाळ हृदयातला दोष घेऊन जन्माला येते. १९४४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ‘निळ्या बाळा’वर, म्हणजे हृदयदोषामुळे रक्तात प्राणवायू कमी पडून अंग निळे पडलेल्या बाळावर, पहिली शस्त्रक्रिया झाली, तोवर यातली बरीच मुले मोठी होतच नसत. आता जिथे उपचार मिळतात तिथे १०० पैकी ९० हून अधिक मुले वयात येतात. प्रगत देशांत तर या आजाराच्या रुग्णांत मुलांपेक्षा प्रौढच जास्त आहेत. तरी फलकावर, पत्रकावर, बातमीत बाळच.

माझा आजार टेट्रॅलॉजी ऑफ फॅलॉट, म्हणजे मुख्यतः हृदयाच्या पडद्याला भोक आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. ऑपरेशन लहानपणीच झाले आणि ‘भोक बुजवले, आता पोरगा ठणठणीत’ असे घरच्यांनी धरून चालले. डॉक्टरांनीही तसेच सांगितले होते, त्यामुळे घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या ऑपरेशनात फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात आणि तिथली झडप पुष्कळदा गळकी होते. ते वर्षानुवर्षे कळत नाही. जिने चढता येतात, नोकरी होते, संसार होतो. आत हृदयाचा उजवा कप्पा फुगत राहतो. दम लागेपर्यंत वाट पाहिली, तर झडप बदलूनही तो कप्पा पूर्ववत होईलच असे नाही. ठरल्या वेळी इको (हृदयाची सोनोग्राफी), गरज पडल्यास एमआरआय होत राहिले, तर हे आधी लक्षात येते. काहींना छाती न उघडता मांडीच्या शिरेतून नवी झडप बसवता येते.

पण तपासणीला जायचे कोणाकडे? वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास बालहृदयरोगतज्ज्ञ निरोप देतात. मोठ्यांच्या विभागात बहुतेक डॉक्टरांचा हात बसलेला असतो तो रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यांवर. आमच्या हृदयाची जोडणीच वेगळी, आणि ती कशी केली होती तो कागद कधीच गहाळ झालेला. मग माणूस तपासणीला जाणेच सोडून देतो. पुढे ठोके बिघडतात, गरोदरपणात अचानक धाप लागते, किंवा दाढेचे दुखणे अंगावर काढल्याने जंतू थेट झडपेपर्यंत पोचतात, तेव्हा धावपळ सुरू होते.

म्हणून फेरीत जमलेला पैसा प्रौढांच्या स्वतंत्र बाह्यरुग्ण विभागासाठी आणि येणे थांबवलेल्या रुग्णांना फोन करून बोलावणाऱ्या परिचारिकेच्या पगारासाठी वापरावा, असे माझे आयोजकांना सांगणे आहे. बाळाचा चेहरा पाहिला की कोणाचाही हात खिशाकडे जातो. चाळिशीतल्या माणसाच्या एमआरआयसाठी तो जात नाही, आणि आपल्या अंकातल्या फोटोने त्यात भरच घातली.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा, की पुढच्या वेळी बातमीत एक चौकट द्यावी: लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झालेल्यांनी, काहीही त्रास नसला तरी, जन्मजात हृदयविकारातल्या जाणकार डॉक्टरकडे तपासून घ्यावे आणि ऑपरेशनच्या कागदांची प्रत जवळ ठेवावी.

आपला,
एक वाचक