काका, पाव लिटर पाण्याचा हिशेब

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रिपेअरिंगच्या दुकानात येऊन आभार मानले असते तर तुम्ही "राहू दे, चहा घे" म्हणून विषय उडवला असता, म्हणून लिहितो आहे. चार लोकांत लिहितो आहे, कारण घरच्या घरी बॅटरी चार्जर जोडणारा मी काही एकटा नाही. ज्या चुकीपायी मला बॅटरीत पाव लिटर डिस्टिल्ड वॉटर ओतावं लागलं, ती आणखी कुणीतरी आज रात्री करत असेल.

तुम्हाला माहीत आहे, भानगड उन्हाळी भुईमुगामुळे सुरू झाली. रानडुकरांना शेंगांचा वास लागला की एका रात्रीत चार ओळी उकरून ठेवतात. म्हणून धुऱ्यावर झटका मशीन बसवली. (तारेत सरळ लाइन सोडणारेही आमच्याकडे आहेत. त्यात डुकरं मरतात तशी माणसंही मरतात. तो धंदा मी केला नाही.) मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण सेकंदाला एक ठोका देते, डुक्कर दचकून मागे फिरतं. बॅटरी ट्रॅक्टरवरून उतरवलेली, ७५ अँपिअर-अवरची. सोलर प्लेट चोरीला गेल्यापासून ती दर आठवड्याला मोटरसायकलवर बांधून घरी आणायची, चार्ज करायची आणि परत न्यायची.

चार्जर विकत आणता आला असता. पण आयटीआयला शिकलेलं हाताला स्वस्थ बसू देत नाही. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करायला चार डायोडचा ब्रिज, पुढे एक एससीआर (गेट नावाच्या पायाला इशारा मिळाला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि करंट आवरायला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब मध्ये ओळीत. बॅटरीच्या बाजूला प्रीसेट (फिरवून आकडा ठरवायचा छोटा रेझिस्टर), झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला वाट उघडणारा डायोड) आणि दुसरा छोटा एससीआर. बॅटरी १४.४ व्होल्टला पोचली की छोटा पेटतो, मोठ्याच्या गेटचा करंट स्वतःकडे ओढून घेतो आणि चार्जिंग थांबतं. जुनीच जोडणी आहे ही. पहिला हिवाळा ती बिनतक्रार चालली.

मग मी तिच्यात सुधारणा केली. अँपिअर मीटरची सुई थरथरायची, ते मला बघवेना. ब्रिजनंतरचा करंट असा लाटालाटांचा, बॅटरीला सोसत नसेल असं मीच ठरवून टाकलं आणि लाटा सपाट करायला ४७०० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर ब्रिजच्या पुढे आडवा लावला. सुई एकदम शांत. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना बोलावून ती सुई दाखवली होती.

मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला गेलो. बॅटरी चार्जिंगला लावलेली. भरली की आपोआप थांबेल, या भरवशावर तीन दिवस तशीच. परत येऊन पडवीचं दार उघडलं तर आंबूस वास नाकात आणि डोळ्यांत. बॅटरीला हात लावला तर चटका, झाकणं ओली, खालच्या फरशीवर पांढरे डाग. आणि आत प्लेटा उघड्या पडलेल्या. मीटर लावला: १५.९ व्होल्ट. मी पाणी भरलं, बॅटरी काढून ठेवली आणि चार्जर पिशवीत घालून बाजाराच्या दिवशी तुमच्याकडे आलो. वाटेत मनाशी पक्कं केलं होतं की झेनर उडालाय, तो बदलला की झालं.

तुम्ही पिशवी उघडलीसुद्धा नाही. विचारलं, "पानी किती टाकलं?"

मला वाटलं, म्हातारा गप्पा मारतोय. पाव लिटर, म्हणालो. तुम्ही समोरच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं आकडे मांडले. भरलेल्या बॅटरीत एक अँपिअर-अवर (म्हणजे एक अँपिअर करंट तासभर) जास्तीचा घातला की दर सेलमधलं, म्हणजे बॅटरीच्या दर कप्प्यातलं, साधारण एक तृतीयांश ग्रॅम पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतं. सहा सेल, म्हणजे दोन ग्रॅम. अडीचशे ग्रॅम पाणी गेलं म्हणजे सव्वाशे अँपिअर-अवर फुकट गेले. तीन दिवसांचे तास सत्तरेक. "उन्हानं उडालं असंन थोडंसं, ते सोड. पावणेदोन अँपिअर सारखा चालूच होता ना बापा. तुह्या चार्जर कधी बंदच झाला नाही." मग पिशवीत हात घातला, सर्किट बाहेर काढलं, एक नजर टाकली आणि म्हणालात, "काहून बे, हे कंडेन्सर कोनं लावलं?"

काका, मीटर न लावता पाण्यावरून करंट सांगणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. आयटीआयमध्ये आम्ही एससीआरची व्याख्या पाठ केली होती: एकदा पेटला की गेट सोडलं तरी पेटलेलाच राहतो, करंट तुटला तरच विझतो. परीक्षेत पाचपैकी पाच गुण मिळाले होते. पण ५० हर्ट्झच्या लाइनवर ब्रिजनंतरचा व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, दर वेळी तो बॅटरीच्या खाली गेला की एससीआर विझतो, आणि पुन्हा पेटू द्यायचं की नाही हे गेट तेवढ्यात ठरवतं, हे डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. मला जी सुईची थरथर खुपत होती, तीच चार्जर बंद करणारी होती. कंडेन्सरनं ते खड्डे बुजवले. त्यानंतर झेनर कितीही ओरडला तरी मोठा एससीआर ऐकणार कसा?

मी म्हटलं, काढून द्या ना काका. तुम्ही सोल्डरगन माझ्यापुढे सरकवली. "डाग तूच काढ. माह्या हातानं निघाला त तुह्या ध्यानात नाही राहनार." दुकानात दोन गिऱ्हाईकं मिक्सर घेऊन उभी होती, तरी तुम्ही मला अर्धा तास टेबल दिलं.

कंडेन्सर निघाला, मी उठलो, तेव्हा तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात: बॅटरी ठेवतोस कुठं? टिनाच्या पडवीत, म्हणालो. तुम्ही कपाळावर हात मारलात. १४.४ हा आकडा २५ अंशांचा. त्याच्यावर दर अंशाला सेलमागे तीन-चार मिलिव्होल्ट कमी करायचे, म्हणजे अख्ख्या बॅटरीला वीसेक मिलिव्होल्ट. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात ४५ अंश म्हणजे काही विशेष नाही. वीस अंशांचा फरक, सरळ ०.४ व्होल्ट. म्हणजे कंडेन्सर नसता तरी त्या पडवीत बॅटरी थोडीफार उकळलीच असती.

यावरचा तुमचा उपाय मला सगळ्यात जास्त आवडला. मी थर्मिस्टरचं (तापमानाप्रमाणे बदलणाऱ्या रेझिस्टरचं) बोलायला लागलो होतो. तुम्ही ड्रॉवरमधून एक दुहेरी बटण काढलंत आणि प्रीसेट एकाऐवजी दोन लावायला सांगितलेत. एक १४ व्होल्टला, दुसरा १४.६ ला. बटणाच्या एका बाजूला नेलपॉलिशनं "उ" लिहिलं आहे, दुसऱ्या बाजूला "हि". होळी झाली की माझी आईसुद्धा ते बटण पलटते. बॅटरीही आता पडवीतून मागच्या खोलीत, उघड्या खिडकीजवळ आली आहे.

फ्यूजचं तुम्ही जाता जाता सांगितलंत, तेही केलं. मी तो चार्जरच्या डब्यात बसवला होता. आता बॅटरीच्या टोकाला आहे. मधे वायर कुठे चेपली तर खरा करंट बॅटरीतूनच येणार, हे तुम्ही म्हटल्यावर इतकं उघड वाटलं की स्वतःचाच राग आला.

आणि एक गोष्ट तुम्ही गोड करून सांगितली नाहीत, त्याचेही आभार. मी विचारलं होतं, बॅटरी वाचली ना? पुन्हा चार्ज करून आणल्यावर तुम्ही हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजायची नळी) लावून बघितलंत. पाच सेल १.२४० च्या वर, एक १.१९०. "चालंन. पन याचं आयुष्य तू खाल्लं." ते खरं निघालं. यंदाच्या पावसाळ्यात त्या सेलनं मान टाकली आणि नवी बॅटरी घ्यावी लागली. जुनी दोन हंगाम मात्र निभावून गेली, भुईमूगही घरी आला.

नव्या बॅटरीत सहा महिन्यांत पाणी टाकलं ते जेमतेम अर्धा कप. वहीत तारखेसह मिलिलिटर लिहून ठेवतो, तुम्ही कोपऱ्यावर मांडलेला हिशेब वहीच्या पहिल्या पानावर उतरवला आहे.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही बटणाचे तेवढे घेतलेत. आणि हो, हायड्रोमीटर "घरी घेऊन जा, आनून दे" म्हणून दिला होतात, तो अजून माझ्याकडेच आहे. या सोमवारच्या बाजाराला घेऊन येतो. थोड्या शेंगाही आणतो, ओल्या आहेत.

आपला,
कंडेन्सरवाला