डोळ्यांचे यमक शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात, धरमपेठेतील आपल्या घरी, कूलरच्या घरघरीत आपण रोज दुपारी मला स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांचे ठोकळे पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ, शिकवलेत. त्याचे आभार तोंडी मानायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारखीचा कान यमकावर पोसलेला असतो. जे सारखे ऐकू येते ते सारखेच लिहायचे, ही आमची सवय, आणि पटावर नेमकी तीच मला नडत होती. ‘रिसीड’चा शेवट ‘सक्सीड’सारखा वाटला म्हणून मी तो सी-ई-ई-डी असा मांडला, समोरून हरकत आली, ठोकळे उचलावे लागले आणि खेळी वाया गेली. आपण हसला नाहीत. सी-ई-ई-डी या शेवटाची मूळ क्रियापदे एक्सीड, प्रोसीड आणि सक्सीड ही तीनच. एस-ई-डी-ई या शेवटाचे सुपरसीड एकटेच. आणि रिसीड, कन्सीड, प्रिसीड ही भावंडे सी-ई-डी-ईच्या घरची, एवढे आपण एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेत. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मग आपली ती वही मिळाली, जिच्यात शब्द पहिल्या अक्षराने नव्हे, तर शेवटाने लावलेले आहेत. कफ, थ्रू, दो आणि रफ हे चौघे एकाच पानावर पाहून मी चक्रावले होते, कारण ओ-यू-जी-एच हा त्यांचा सारखा शेवट कानाला कधी कळलाच नसता.

आय-एन-जी हाती आले की मी ते तिन्ही ठोकळे पट्टीच्या टोकाला लावून हटून बसत असे. संचातील 100 ठोकळ्यांत ‘जी’ या अक्षराचे तीनच असल्यामुळे तो सोडवत नसे; पण ही तीन अक्षरे अडवून ठेवली तर पट्टीवरच्या सातांपैकी चारच ठोकळे खेळायला उरतात, हा साधा हिशेब आपण दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता. एकदा, बाहेर 45 अंशांचे ऊन असताना, माझ्या पट्टीवर ‘रेनिंग’ जुळले (काय तो योग!), परंतु सात अक्षरे बसतील अशी जागा दिसेना. आपण काही न बोलता पटावरच्या एका मोकळ्या टीवर बोट ठेवलेत. ट्रेनिंग! सातही ठोकळे एकदम लागले आणि वरचे 50 गुण मिळाले. डाव संपल्यावर आपण त्या टीच्या जागी बी, डी आणि जी एकेक करून ठेवून दाखवलेत, आणि दर वेळी शब्द खराच निघाला. त्या दिवसापासून मी शब्द शेवटाकडून वाचू लागले.

वही परत करायला रविवारी सकाळी येते आहे. आय-एस-एच या शेवटाचे पान कोरे होते, ते मी भरले आहे. कृपया तपासावे, त्यातले दोन शब्द मलाच संशयास्पद वाटतात.

आपली,
खालच्या मजल्यावरची शेजारीण