बेटं वर्ल्ड कपला पोचली, आम्ही अजून फेरीच्या धक्क्यावर

संपादक महाशय,

पत्र जरा लांबणार आहे, जागा कमी पडली तर कापा, फक्त शेवटचा फेरीबोटीचा भाग तेवढा ठेवा.

13 ऑक्टोबर 2025 ला केप व्हर्देनं एस्वातिनीला 3-0 हरवून फुटबॉल वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. आणि दुसऱ्याच दिवशी, 14 तारखेला, आपल्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमात सिंगापूरनं भारताला 2-1 हरवून आशिया कपाच्या क्वालिफायरमधून बाहेर काढलं. भारताच्या छांगटेनं पहिला गोल मारला तेव्हा स्टँडात सगळे उड्या मारत होते, मग हाफटायमाच्या तोंडावर एक नी नंतर एक असे दोन खाल्ले आणि संपलं. आता सिंगापूर पण बेटच आणि केप व्हर्दे तर दहा बेटांचा देश, सव्वापाच लाखाच्या आसपास लोक, 1975 पर्यंत तिथं पोर्तुगीजच होते, म्हणजे आपला गोवा सुटल्यावर ते आणखी चौदा वर्षं अडकलेले. महिनाभरानं कुरसाव पण क्वालिफाय झालं. ते तर दीड लाखाचं बेट, 444 चौरस किलोमीटर, आमच्या एकट्या बार्देस तालुक्यात त्याहून जास्त माणसं राहतात!

आमच्या तावेर्नात ह्यावर दोन तट पडले. एक म्हणतो गोवा काय देश आहे का, कशाला तुलना करता. बरोबर आहे, देश नाही. पण फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे हे सरकारनंच 2012 साली जाहीर केलं ना, आणि 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोक आपण. संतोष ट्रॉफी पाच वेळा आली, देंपोनं देशाची लीग पाचदा जिंकली, साळगावकर नी चर्चिल ब्रदर्सनं प्रत्येकी दोनदा. ब्रह्मानंद संखवाळकर, ब्रुनो कुतिन्यो, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स ही नावं काय कोणी उसनी आणलेली नव्हती.

केप व्हर्दे आणि कुरसाव दोघांनी काय केलं, तर बाहेर गेलेल्यांची पोरं गोळा केली. कुरसावची तर जवळजवळ सगळी टीम हॉलंडात जन्मलेली. केप व्हर्देचा पिको लोपिस डब्लिनचा, त्याला कोचनं लिंक्डइनवर मेसेज टाकला तो त्यानं स्पॅम समजून सोडून दिला होता म्हणे, आता वर्ल्ड कपच्या टीमचा डिफेंडर. आणि आमची किती घरं पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेली बघा, दर वाड्यावर बंद दारं आहेत. त्यांची पोरं तिकडच्या अकॅडमीत खेळतात, उद्या कोणी चांगला निघाला तरी भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट हवा आणि दोन पासपोर्ट आपल्या कायद्यात बसत नाहीत. रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा सोडला तेव्हा त्याला टीमची दारं उघडली. किती जण सोडतील? इलेक्शन आलं की पोर्तुगीज पासपोर्टवरून सगळे पक्ष गळा काढतात, पण फुटबॉलवाल्या पोरासाठी काही वाट काढता येईल का हे एकाही उमेदवाराच्या भाषणात मी ऐकलं नाही.

आता आमच्या एफसी गोव्याचं. हा क्लब माझा जीव आहे म्हणून बोलतो, दुसऱ्या कोणी बोललेलं मला चालत नाही. 2015 ची इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची, फायनल आठवा, 20 डिसेंबर, फातोर्डा गच्च, नव्वदाव्या मिनिटाला आपण 2-1 ने पुढे आणि दोन मिनिटांत 2-3. मग 2024 ची सेमीफायनल, समोर मुंबई, नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-0 पुढे आणि परत 2-3. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या स्टेडियमाला काहीतरी बाधतं, कोणीतरी एकदा गाऱ्हाणं घालायला हवं. ते सोडा, नशीब म्हणून सोडून देऊ. पण ऑफिसात बसून घेतलेल्या निर्णयांना नशीब कसं म्हणायचं?

जानेवारी 2020 संपताना आमचा कोच लोबेराला काढलं. लीगच्या तीन मॅच उरलेल्या! क्लिफर्ड मिरांडानं टीम हातात घेतली, जमशेदपूरला त्यांच्या घरात 5-0 मारलं, लीगमध्ये पहिला येणाऱ्याची शील्ड आणली, भारतातला पहिला क्लब म्हणून आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपात जायचा मान आपल्याला मिळाला. मला क्लिफर्डचा अभिमान आहे, आपला माणूस. पण पुढं काय झालं, तोच लोबेरा मुंबईला गेला, आमचे खेळाडू बुमूस, फॉल, जाहू आणि आपला मंदार राव देसाई पण तिकडंच, आणि पहिल्याच वर्षी मुंबईनं शील्ड पण नेली नी कप पण, वाटेत सेमीफायनलात पेनल्टीवर आम्हालाच बाहेर काढून. पैसा मोठा तिथं खेळाडू जाणार हे मला पण कळतं, मी काय दुधखुळा नाही, पण तयार झालेली टीम एका दमात दुसऱ्याच्या अंगणात जाते तेव्हा क्लबानं चाहत्यांना चार ओळींचं स्टेटमेंट देऊन मोकळं व्हायचं हे पटत नाही. मग 2021 च्या डिसेंबरात आमचा कोच हुआन फेरांडो मध्येच उठून मोहन बागानला गेला. आमचा खेळाडू ब्रँडन पण 2024 ला मुंबईलाच. कोच मनोलो मार्केझनं तर एकाच वेळी आपली टीम आणि भारताची टीम दोन्ही धरली, भारताची म्हणाल तर आठ मॅचमध्ये एक जिंकली, ती पण मालदीवशी. मनोलो आमच्यासाठी चांगला कोच आहे, दोन सुपर कप दिले त्यानं, पण भारताच्या फुटबॉल फेडरेशननं अर्धवेळ कोच ठेवून पूर्णवेळ निकाल मागायचे हा काय प्रकार.

आणि एक गोष्ट मला अजून सलते. 2021 ची एएफसी चॅम्पियन्स लीग फातोर्ड्यात झाली, अल रय्यानशी 0-0, त्यांच्या डगआऊटात कोच लोरां ब्लां, आणि स्टँड रिकामे, कोरोनामुळं. एवढी मोठी मॅच घरच्या मैदानात नी आम्ही घरात मोबाईलवर. त्याचा दोष कोणाला देत नाही. पण 2025 ला रोनाल्डोचा क्लब अल नस्र आला तेव्हा तर काही अडचण नव्हती ना? 22 ऑक्टोबर, पाडव्याचा दिवस, गोरवांना माळा घालून सकाळचं आटोपलं आणि निघालो. तिकिटाचे दर नेहमीच्या कितीतरी पट. रोनाल्डो येणार येणार म्हणून सगळीकडं वाजवलं आणि तो आलाच नाही. मला काय त्याचं, मी आपल्या ब्रायसनचा गोल बघायला गेलो होतो आणि तो बघितला, 1-2 हरलो तरी मजा आली. पण रोनाल्डोच्या नावावर बाहेरची गर्दी आणि नेहमीचे लोक महागाईनं घरी, हे ज्यानं ठरवलं त्यानं रोजच्या लीगच्या मॅचला स्टँड कोण भरतं हे एकदा येऊन बघावं.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर रक्त तापतं. 2016 ला देंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही जुने क्लब तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, आय-लीगमधून, बाहेर पडले, कारण फेडरेशनला आयएसएल वर न्यायची होती आणि जुन्या क्लबांना खाली ढकलायचं होतं. देंपोला परत वर यायला कितीतरी वर्षं लागली. 2022 ला फेडरेशनच्या अध्यक्षाची निवडणूक झाली, कल्याण चौबे 33 मतं, भारताचा माजी कॅप्टन बायचुंग भुतिया 1 मत. भुतियाला एक मत! ज्यांनी मतं दिली त्यांनी त्याचा खेळ कधी बघितला नसेल असं तर नाही ना. मग चर्चिल ब्रदर्सचं घ्या, एप्रिल 2025 ला आय-लीगचे चॅम्पियन म्हणून जाहीर केलं, जुलैत स्वित्झर्लंडच्या कोर्टानं ते फिरवून इंटर काशीला दिलं. कोण बरोबर कोण चूक त्यात मी पडत नाही, पण चॅम्पियन कोण हे ठरायला तीन महिने आणि परदेशातलं कोर्ट लागतं ती कसली लीग?

आणि सगळ्यात भारी म्हणजे डिसेंबर. 7 डिसेंबर 2025 ला फातोर्ड्यात आपण ईस्ट बंगालला पेनल्टीवर 6-5 हरवून सुपर कप जिंकला, आमच्या मागं बसलेला म्हातारा पात्रांव रडत होता. आणि 8 डिसेंबरला आयएसएल चालवणाऱ्या कंपनीशी फेडरेशनचा 15 वर्षांचा करार संपला, त्याच्या आधीच टेंडर काढलेलं तर एकानंसुद्धा बोली लावली नव्हती. म्हणजे रविवारी आम्ही चॅम्पियन आणि सोमवारी आमची लीग कोण चालवणार ते कोणालाच ठाऊक नाही. खेळाडूंचे पगार, कोचचे करार, स्टेडियमावर चणे विकणारी बाई, सगळे लटकलेले. मग सुप्रीम कोर्ट, मग केंद्रीय मंत्री, मग कुठं कापलेली छाटलेली लीग.

मी दिवाडी बेटावर राहतो. जुन्या गोव्याहून फेरीबोट, पलीकडं पिएदादचा चढ. पूल नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या पुष्कळांना पूल नकोच आहे, पूल आला की बिल्डर आले, आणि आमच्या बोंदेराच्या फेस्ताला जी गर्दी होते तीच बारा महिने. म्हणून बेटावरची माणसं फेरीबोटीवर रुसतात आणि तिच्यावरच जगतात. 2023 च्या नोव्हेंबरात दुचाक्यांना फेरीत पैसे लावायचं निघालं तेव्हा बेटांवरचे सगळे एक झाले आणि सरकारला थांबावं लागलं, हे लक्षात असू द्या. आता चोडण बेटाच्या बाजूला रो-रो फेरीबोटी आल्या, मोठ्या, पंधराएक गाड्या एका वेळी जातात, चांगलं झालं, कोणी चांगलं केलं तर चांगलंच म्हणायचं.

पण मॅच साडेसातला. का? टीव्हीला बरं म्हणून. साडेनऊला संपते, पेनल्टी असल्या तर दहा, पार्किंगमधून बाहेर पडायला अर्धा तास, मडगावहून पणजीची शटल तोपर्यंत बहुतेक बंद, स्वतःची स्कूटर असेल तर जुवारी पूल ओलांडून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचेपर्यंत साडेअकरा. रात्री फेऱ्या विरळ. एकदा आम्ही तिघं आणि एक पोदेर, म्हणजे पाववाला, धक्क्यावर उभे, बोट पलीकडं दिवे लावून उभी, हाका मारतोय, कोण येतोय. पावसात तर विचारूच नका. गावातल्या शाळेतली पोरं मला विचारतात आम्हाला घेऊन चला मॅचला. कसं नेऊ, रात्री बारा वाजता नारळाच्या झाडाखाली उभी करू का त्यांना? ही पोरं ऑक्टोबरात सरदचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की शेतात गोलपोस्ट ठोकून खेळतात, ब्रायसनचं नाव पाठीवर पेनानं लिहून, आणि फातोर्डा त्यांनी फक्त मोबाईलवर बघितलाय. आपल्या क्लबाला गोव्याचा क्लब म्हणवून घ्यायचं असेल तर अर्धा गोवा नदीच्या पलीकडं राहतो हे कोणीतरी सांगायला हवं.

मागणी काय मोठी नाही. रविवारची तरी मॅच पाचला ठेवा, टीव्हीवाले काही मरत नाहीत. तारखा महिनाभर आधी जाहीर करा, आयत्या वेळी बदलू नका, आमच्याकडं लग्नं असतात, जत्रा असतात, फेस्तं असतात. मॅचच्या रात्री मडगावहून पणजी-जुनं गोवं एक उशिराची बस आणि दिवाडी, चोडणला एकेक जास्तीची फेरी, बस्स. वर्षाला घरच्या मॅच असतात किती, तेवढं डिझेल तर मंत्र्यांच्या ताफ्यातलं वाचवून निघेल. आमच्या आमदाराला मी हे तोंडावर सांगितलं, त्यांनी बघतो म्हटलं, आणि फोटो काढला माझ्याबरोबर.

तुम्हालाही एक सांगणं आहे. क्रीडा पानावर मॅचची वेळ छापता तिथंच खाली शेवटच्या बसची नी शेवटच्या फेरीची वेळ छापत जा. दोन ओळी लागतील. छापाल का?

तुमचा वाचक,
एक दिवाडीकर, पिएदाद