देवाचे नाव आणि जनाबाईच्या शिव्या

महोदय,

देवाला त्याच्या खऱ्या नावानेच हाक मारली पाहिजे का, यावर सध्या आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर रोज खल चालतो. निमित्त, घरोघर फिरून गेलेले दोन प्रचारक. माणसे सालस होती. त्यांचे म्हणणे, देवाचे नाव यहोवा. हिब्रू शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, ते ६८०० हून अधिक वेळा आले आहे, मग नुसते 'देवा' म्हणून कसे भागेल?

मी गंगाखेडचा, एसटीचा निवृत्त वाहक. नाव लागते, हे मला पटते. आमच्या गावच्या जनाबाईने 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हणत प्रत्यक्ष विठ्ठलाला फैलावर घेतले. पार त्याचे मढे काढले आणि शेवटी 'शिव्या देत दासी जनी' अशी सहीही ठोकली! जगन्नियंत्याला, सर्वशक्तिमानाला अशा शिव्या कोण देईल? भांडायला नावागावाचा कुणीतरी लागतो.

पण अमुकच नाव घेतले तर पोचते, याला माझी हरकत आहे. वारकरी भेटला की 'रामकृष्णहरी' म्हणतो. त्यात 'विठ्ठल' कुठे आहे? ज्या यहुद्यांच्या शास्त्रातले ते (हिब्रूत चार अक्षरी) नाव, ते तर धर्मनिष्ठ यहुदी उच्चारतच नाहीत. वाचताना तिथे 'अदोनाय', म्हणजे प्रभू, म्हणतात. मूळ उच्चार काय होता, यावर पंडितांचे अजून एकमत नाही. आमच्या आईने उखाण्याखेरीज वडिलांचे नाव कधी घेतले नाही. तिने 'अहो' म्हटले की ओसरीवरून वडील ओ देत. (कधीकधी शेजारचे काकाही देत, ते सोडा.)

आणि नर्सीचे नामदेव? विठ्ठलाशिवाय ज्यांना घास गोड लागला नाही, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 'मै अंधुले की टेक' या पदात ते देवाला करीम, रहीम, अल्लाह अशा हाका मारतात. याच ग्रंथाला १७०८ मध्ये गुरुपद मिळाले ते आमच्या शेजारी, नांदेडला. तरी नामदेवांचे हे पद आमच्या टपरीवर एकालाही ठाऊक नव्हते.

आषाढीच्या सुमारास वर्तमानपत्रांत दरवर्षी तेच ते अभंग येतात. यंदा आपण हे पद मराठी अर्थासह छापावे, ही विनंती. टपरीवर वाचून दाखवायचे काम माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, गंगाखेड (जि. परभणी)