‘राहू द्या’चं केशरी बटण

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलले असते, पण परवा बाबा ‘माझीच चूक, वय झालं आता’ म्हणाले आणि मला पुढे बोलवेना. म्हणून लिहायला बसले.

बाबा, ते दरमहा १९९ रुपये तुमच्या चुकीने गेले नाहीत. पहिला महिना फुकट म्हणून सदस्यत्व घेतलंत, मग बंद करायला गेलात, हो ना? पानावर अंगठ्याएवढं केशरी बटण होतं, ‘राहू द्या’. त्याखाली फिक्या करड्या अक्षरात, चष्मा लावूनही दिसू नये असं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’. बाहेर पडायचं तर हे वाक्य दाबायचं. जन्मभर पै-पैचा हिशोब वहीत उतरवणाऱ्या माणसाने! तुम्ही गोंधळून केशरी बटण दाबलंत. तुमच्याकडून तेच दाबलं जावं, म्हणून तर ते तसं रंगवलंय.

मला हे ठाऊक, कारण ऑनलाइन खरेदीची अशी पानं आखणं हेच माझं काम. तुम्हाला गंडवणारं पान आमच्या कंपनीचं नाही, पण गेल्या दिवाळीत ‘फक्त २ शिल्लक’ची लाल पट्टी मीच केली होती. गोदामात खरोखर किती नग होते ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आमच्याकडे एका बटणाच्या रंगावर तीन-तीन आठवडे खल चालतो. कोण कुठे थांबलं, कुठे बोट अडखळलं, सगळं मोजलं जातं. सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘चर्न’ म्हणतात, म्हणजे गळती. टाकीतून पाणी गळावं तशी माणसं. घेतलेली वस्तू त्याला हवी होती का, याचा रकानाच नाही. सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ युक्त्या नावानिशी सांगून त्यांना मनाई केली: खोटी घाई, न विचारता खरेदीत सरकवलेली वस्तू, आत शिरायला सोपं आणि बाहेर पडायला अवघड असं सदस्यत्व. ‘पैसे वाचवायचे नाहीत’ असं वदवून घेऊन लाजवणं हीसुद्धा त्यातलीच एक. त्यावर आमच्याकडे अर्ध्या तासाची मीटिंग झाली आणि लाल पट्टी नारिंगी झाली.

बाबा, तेव्हा मला आपल्या डोंबिवलीच्या घरातलं ग्राहक पंचायतीचं वाटप आठवलं. हॉलभर वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर साखर, तूरडाळ, साबण, तुमच्या हातात यादी. बारा घरांनी काय हवं ते आधी कागदावर लिहून दिलेलं, मग तेवढंच आलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची पिशवी तुम्ही स्वतः वर नेऊन द्यायचात आणि अर्धा तास तिथेच रमायचात. १९७५ साली गुढीपाडव्याला मुंबईत हे सुरू झालं, हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही सांगेन. गंमत बघा, तिथे मागणी आधी यायची आणि माल नंतर. आम्ही आधी माल भरतो, मग त्याला माणसं शोधतो.

पण उगाच गोडवे गात नाही. आई, वाटपाच्या दिवशी तू किती कप चहा टाकायचीस, ते बाबांच्या कुठल्याच यादीत नव्हतं. आज तुझा गुडघा धरला की दहा मिनिटांत दूध दारात येतं, ते मला हवंच आहे. फक्त पिशवी दाराला अडकवून तो मुलगा जिना उतरलेलाही असतो. त्याची घाई मात्र खरी असते.

नोकरी सोडत नाहीये, घराचे हप्ते आहेत. सोमवारी त्या पट्टीत गोदामातला खरा आकडाच दिसावा, असं लेखी मांडणार आहे. ऐकतील असं वाटत नाही.

बाबा, तुम्ही एक करा. १९१५ या सरकारी ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन लावून तक्रार नोंदवा, तुमच्याच नावाने. बँकेच्या पासबुकातल्या त्या १९९ च्या नोंदींवर खूण करून ठेवा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. १९८६ चा ग्राहक कायदा आला तेव्हा वकील न लावता पंख्याची केस लढलेला माणूस तुम्ही. ‘वय झालं’ काय म्हणता?

तुमची,
चिमी

ता. क. आई, तीनवर तीन फुकट म्हणून आलेल्या शाम्पूच्या बाटल्यांतल्या दोन समोरच्या काकूंना दे. आणि लगेच परत फिरू नकोस, बस जरा त्यांच्याकडे.