सूचना : रविवारचं वनभोजन, प्लास्टिकशिवाय

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी साडेसातला हरिपूरला संगमेश्वर देवळापाशी जमायचं आहे. या वेळी प्लास्टिक आणायचं नाही.

• ताट-वाटी, पेला घरूनच आणा. पानांच्या पत्रावळ्या चालतील. चकचकीत अस्तराच्या कागदी नकोत, ते अस्तर बहुधा प्लास्टिकचंच असतं.
• भडंग आणणाऱ्यांनी दुकानात डबा घेऊन जावं. दुकानदार कुरकुरला तरी डब्यातच घ्यावं!
• पाण्याचे जार मंडळ आणेल.
• निर्माल्य पिशवीसकट कृष्णेत सोडू नये. (दरवेळी कोणीतरी सोडतंच.)

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड. तो मंडळ भरणार नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, भाकरीचा अंदाज घ्यायचा आहे.