सही करण्याआधी एसीत तांब्याभर पाणी ओतून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात आईच्या खोलीत दीड टनाचा नवा स्प्लिट एसी बसवला. आई ८४ वर्षांची, घर ऐरोलीत खाडीच्या अंगाला. यंदाचा उकाडा तिला सोसवेना. पंधरा दिवस एसी छान चालला. जूनमध्ये पाऊस लागला आणि एका पहाटे आईने हाक मारली, "अरे, माझी उशी कशाने भिजली?" एसीच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी तिच्या उशाशी पडत होतं. पुढच्या आठवड्याभरात युनिटमागची भिंत फुगली, रंगाचे पोपडे सुटले आणि खोलीला कुबट वास येऊ लागला. आईला दमा आहे. तिला बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपवावं लागलं.

तक्रारीवरून तंत्रज्ञ दोनदा आला. दोन्ही वेळा फिल्टर धुतला, ड्रेन पाइपात हवा मारली आणि "काका, पावसाळ्यात नव्या एसीला घाम येतोच" असं सांगून सही घेऊन गेला. आमच्याच इमारतीत आणखी दोन घरांना हेच उत्तर मिळालं आहे. ते चुकीचं आहे, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात पाइप फिटर होतो. एसीतून पाणी निघणं हा बिघाड नव्हे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब धरतात, तसेच ते आतल्या गार कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, धरतात. आमच्याकडे जुलैत ड्रेन पाइपाखाली बादली ठेवली तर तासाभरात सव्वा लिटर पाणी जमलं. एवढं पाणी निघणारच. ते खोलीत पडतं की बाहेर जातं, हे मात्र एसी कसा बसवला यावर ठरतं.

तिसऱ्यांदा कोणाला न बोलावता मी माझी जुनी पाणसळ (समतल पाहायची बुडबुड्याची पट्टी) काढली आणि युनिटच्या माथ्यावर ठेवली. बुडबुडा उंच बाजूला जातो, तो सरळ उजवीकडे पळाला. म्हणजे युनिट डावीकडे कललेलं, आणि पाणी बाहेर जायचं तोंड उजवीकडे. कॉइलखालच्या ट्रेमधलं पाणी डाव्या कोपऱ्यात साठून भरून वाहत होतं. मग एसीचं बटण मेनमधून बंद केलं, पुढचं झाकण उघडून कॉइलवर हळूहळू तांब्याभर पाणी सोडलं. गॅलरीत एक थेंब आला नाही, सगळं पलंगावर. बाहेर पाहिलं तर ड्रेन पाइप आधी ग्रिलवर चढवून मग खाली सोडलेला. पाणी आपणहून चढ चढत नाही, हे सांगायला फिटर कशाला हवा?

भिंतीच्या ओलीचं कारण वेगळंच निघालं. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या दोन्ही नळ्या गार असतात, जाड तर असतेच, बारीकसुद्धा. दोन्हींवर वेगवेगळा फोम, नळ्या युनिटला जोडणाऱ्या नटापर्यंत हवा. आमच्याकडे तो भिंतीतल्या भोकाच्या चार बोटं आधीच संपलेला होता. उघड्या नळ्यांवर दिवसरात्र पाणी धरून ते भिंतीत झिरपत होतं. त्यात भोकाचा उतार आतल्या बाजूला आणि सभोवतालची फट बुजवलेली नाही, त्यामुळे खाडीवरची दमट हवा आणि पावसाचे शिंतोडे थेट युनिटच्या पाठीमागे.

आमचीही एक चूक होती. पावसात वाळत नाहीत म्हणून त्याच खोलीत ओले कपडे दोरीवर टाकत होतो, आणि एसी १८ वर, पंखा सर्वांत कमी. कपड्यांतली सगळी ओल त्या कॉइलवर जात होती. आता २४ ठेवतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाल्या एसींचं मूळ तापमान कारखान्यातूनच २४ लावून येतं, ते आम्हीच खाली ओढलं होतं.

शेवटी घणसोलीच्या एका कारागिराने दोन तास खर्चून युनिट उतरवलं, पाणसळीत बसवलं, पाइपाला एकसारखा उतार दिला, फोम नटापर्यंत ओढून टेप मारली, फट बुजवली. १,८०० रुपये गेले. नव्या कोऱ्या वॉरंटीतल्या वस्तूवर ते आपण का भरायचे?

बसवायला आलेल्या मुलाला मी दोष देत नाही. त्या दिवशीचा त्याचा तो सहावा एसी होता, मजुरी नगावर, संध्याकाळचे साडेसात वाजलेले. नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप खाली गाडीत राहिला होता. त्याने नट सैल करून थोडा गॅस सोडला आणि "हवा काढली" म्हणाला. मी तेव्हा गप्प बसलो, याचं वाईट वाटतं. नळीत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलाला खराब करते, बारीक वाटेत गोठून गॅसही अडवते. शिवाय आजच्या बऱ्याच एसींमधला आर-३२ गॅस पेट घेऊ शकणारा आहे, तो असा मोकळा सोडायचा नसतो.

एसी विकणाऱ्या कंपन्यांनी बसवणीच्या कार्डावर तीन ओळी छापाव्यात: पाणसळ लावली, व्हॅक्यूम केला, पाणी ओतून पाहिलं. आणि कारागिराला त्या तीन कामांइतका वेळ व पैसा द्यावा. तोवर वाचकांनी एवढं करावं: एसी सुरू करण्याआधी कारागिराकडूनच कॉइलवर तांब्याभर पाणी सोडून घ्यावं, आपण गॅलरीत उभं राहावं, आणि पाइपातून पाणी पडलेलं दिसल्यावरच सही करावी.

आई गेल्या सोमवारपासून पुन्हा तिच्या खोलीत झोपते. भिंत अजून दमट लागते, रंग दसऱ्यानंतर काढू.

आपला,
एक निवृत्त फिटर, ऐरोली, नवी मुंबई